दादाची उत्तरं राहिली, आईची पत्रं गेली: लिनक्सवर येताना ई-मेलचं काय झालं

मागच्या खेपेला आपण लिनक्स घरगुती संगणकांवर कसं पोचलं ते बघितलं, किंवा खरं सांगायचं तर फारसं कसं पोचलं नाही ते बघितलं. (हशा) व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी मला जिन्यात गाठलं आणि जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. "सर, आम्हीही तेव्हा लिनक्स टाकून पाहिलं होतं. बाकी सगळं जमलं, मेलपाशी घोडं अडलं." म्हणून आज तोच विषय घेतलाय. विंडोज सोडून लिनक्सवर येणाऱ्या माणसाला आपल्या ई-मेलच्या प्रोग्रॅमला पर्याय शोधावा लागायचा, त्या शोधाचा इतिहास.

विषय किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. वर्डच्या जागी ओपनऑफिस घेतलं, इंटरनेट एक्स्प्लोररच्या जागी मोझिला घेतला, तर फार तर चार दिवस हात अडखळतात. नवा प्रोग्रॅम नाही आवडला तर तिसरा घ्यावा. ई-मेलच्या प्रोग्रॅमचं तसं नव्हतं, कारण त्याच्या पोटात तुमची जुनी पत्रं होती. प्रोग्रॅम बदलायचा म्हणजे घर बदलताना कपाट सामानासकट हलवायचं, आणि कपाट भिंतीत बांधलेलं.

मला हा विषय का जवळचा, ते आधी सांगून टाकतो. माझा थोरला भाऊ १९९८ साली नोकरीसाठी अमेरिकेला गेला. फोन महाग होता. आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि पत्र सांगायची, मी ते रोमन अक्षरांत मराठी असं टाइप करायचो. दादाचं उत्तर आलं की तिला वाचून दाखवायचं. सहा-सात वर्षं हे चाललं. २००५ साली मी लिनक्सवर आलो. तेव्हा कुठला प्रोग्रॅम वापरत होतो त्याचं नाव घेत नाही, कारण चूक त्याची नव्हती, माझीच होती. मी इनबॉक्सची फाइल सीडीवर उतरवून घेतली, दुसऱ्या संगणकावर ती उघडते का हेही तपासलं, आणि मग निर्धास्तपणे डिस्क फॉरमॅट केली. पाठवलेल्या पत्रांची फाइल वेगळी असते, हे फॉरमॅट झाल्यावर लक्षात आलं. म्हणजे दादाची सगळी उत्तरं माझ्यापाशी राहिली आणि आईची सगळी पत्रं गेली. याच्याकडे मी नंतर परत येईन.

आता थोडं मागे जाऊ. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवलं आणि पत्त्यात ते ॲट चिन्ह आणलं, हे तुम्हाला माहीत असेल. ते सोडून देऊ. आपल्याला हवी आहे ती युनिक्सची रीत. युनिक्सवर प्रत्येक माणसाची सगळी पत्रं एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवलेली असत. नवं पत्र कुठे सुरू झालं ते कसं कळायचं? तर ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' हा शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा आली की समजायचं, इथून पुढचं पत्र. इतकंच. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. तुमच्या पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम' शब्दाने सुरू झाली तर घोटाळा होणार, म्हणून पत्र साठवणारा प्रोग्रॅम त्या शब्दाआधी बाणाच्या टोकासारखं एक चिन्ह घुसडायचा. जुन्या इंग्रजी पत्रांत मधेच असं विनाकारण चिन्ह दिसलं तर ते त्याचंच. पद्धत ओबडधोबड होती, पण तिचा एक मोठा गुण होता. फाइल कोणीही वाचू शकत होतं. १९८६ साली डेव्ह टेलर यांनी एल्म लिहिला, पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातून पाइन आला, १९९५ साली मायकल एल्किन्स यांनी मट लिहिला. तिन्ही प्रोग्रॅम तीच फाइल उघडत. सकाळी पाइनमध्ये पत्र वाचा, संध्याकाळी मटमध्ये उत्तर द्या, काही बिघडत नसे. प्रोग्रॅम बदलणं म्हणजे चष्मा बदलण्याइतकं सोपं होतं.

आपल्याकडेही सुरुवात तिथूनच झाली, हे आपण विसरतो. १९८६ साली अर्नेट सुरू झालं, त्यात मुंबईतली एनसीएसटी होती, आयआयटी होत्या, बंगळूरची आयआयएससी होती. आणि सामान्य माणसासाठी १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं. तेव्हाचं 'शेल अकाउंट' इथे कुणाकुणाला आठवतंय? (काही हात वर.) काळा पडदा, पांढरी अक्षरं, मोडेमचा तो किरकिराट, आणि पत्रं वाचायला पाइन. गंमत बघा, ज्या विद्यार्थ्यांनी तेव्हा पाइनमध्ये पत्रं वाचली, ते नकळत युनिक्सवर बसून पत्रं वाचत होते. त्यांनी जर त्याच वेळी लिनक्स घेतलं असतं तर पर्याय शोधायचा प्रश्नच आला नसता. पाइन तिथेही होताच.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते पत्रं घरी आली तेव्हा. शेल अकाउंटमध्ये पत्रं लांबच्या मोठ्या संगणकावरच राहत. घरच्या संगणकावर विंडोज आणि पूर्ण इंटरनेट जोडणी आली तशी पत्रं पॉप या पद्धतीने घरी उतरवली जाऊ लागली. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ ची, आपण वापरली ती तिसरी, १९८८ ची. तिचा स्वभाव टपालपेटीसारखा आहे. पेटी उघडायची, पत्रं काढायची, पेटी रिकामी. मिनिटामिनिटाचे पैसे पडत होते, टेलिफोन अडकून राहायचा, सर्व्हरवर जागा अगदी थोडी, त्यामुळे हेच सोयीचं होतं. जोडा, ओढा, तोडा. पण त्याचा परिणाम असा झाला की तुमच्या पत्रांची जगातली एकमेव प्रत तुमच्या घरच्या डिस्कवर राहिली, आणि तीही तुम्ही जो प्रोग्रॅम वापरत होतात त्याच्या मर्जीच्या आकारात.

दुसरी वाटही तेव्हाच तयार होती, हे मुद्दाम सांगायला हवं. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप ही पद्धत काढली. तिच्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात, घरचा प्रोग्रॅम म्हणजे फक्त खिडकी. पण त्यासाठी सर्व्हरवर भरपूर जागा लागते आणि जोडणी बराच वेळ चालू ठेवावी लागते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे दोन्ही गोष्टी चैनीच्या होत्या. पॉप गरिबाची पद्धत होती, आणि गरिबाला त्याची किंमत दहा वर्षांनी मोजावी लागली.

आता घरच्या प्रोग्रॅमांकडे येऊ. सगळ्यांत आधी युडोरा. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो लिहिला, पुढे तो क्वालकॉम कंपनीकडे गेला. नाव कुठून आलं ते सांगण्यासारखं आहे. युडोरा वेल्टी नावाच्या अमेरिकन लेखिकेची एक कथा आहे, पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या बाईची. दिवसरात्र ई-मेलवर काम करणाऱ्या डॉर्नरना वाटलं, आपणही पोस्टातच राहतोय, म्हणून प्रोग्रॅमला लेखिकेचं नाव. तर हा युडोरा मॅकवर होता, विंडोजवर होता, लिनक्सवर कधीच आला नाही. पत्रं तो जवळजवळ एमबॉक्समध्येच ठेवायचा, पण 'जवळजवळ' या शब्दातच सगळी मेख आहे. वेगळं करणाऱ्या त्या 'फ्रॉम' च्या ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता असायला हवा, तिथे युडोरा नुसती प्रश्नचिन्हं ठेवायचा. आणि पत्रासोबत आलेले फोटो, कागदपत्रं पत्रातून काढून वेगळ्या फोल्डरात टाकायचा, पत्रात फक्त त्याचा ठावठिकाणा लिहून ठेवायचा. वापरायला हे फार सोयीचं होतं. पण लिनक्सवर नेताना पत्रं आणली आणि ते फोल्डर राहिलं की फोटोंच्या जागी विंडोजच्या डिस्कवरचा एक पत्ता वाचायला मिळायचा, जी डिस्क आता नाही.

न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा पेगॅसस मेल हाही असाच फुकट आणि लाडका, आणि तोही लिनक्सवर आला नाही. त्याच्या भक्तांची तक्रार मी अजून ऐकतो.

पण बहुतेकांचं घोडं अडलं ते आउटलुक एक्स्प्रेसपाशी. इथे एक गल्लत आधी दूर करू. आउटलुक आणि आउटलुक एक्स्प्रेस हे दोन वेगळे प्रोग्रॅम. नाव सोडलं तर त्यांच्यात फारसं नातं नव्हतं. आउटलुक हा ऑफिसच्या संचातला, विकत घ्यायचा, त्यात कॅलेंडर, बैठका, नेमून दिलेली कामं असं सगळं. आउटलुक एक्स्प्रेस १९९७ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ४ बरोबर आला, विंडोजबरोबर आपोआप मिळायचा, म्हणून घराघरांत तोच. सायबर कॅफेवाला, संगणक बसवून देणारा पोरगा, सगळे तोच सुरू करून द्यायचे. बरेच लोक त्याला ई-मेल असंच म्हणत. "ई-मेल उघड" म्हणजे आउटलुक एक्स्प्रेस उघड.

आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरसाठी एक डीबीएक्स नावाची फाइल करायचा, आणि त्या फाइली विंडोजच्या आत इतक्या खोल, लांबलचक आकड्यांच्या नावाच्या फोल्डरात ठेवायचा की शोधून काढणं हाच एक प्रकल्प. फाइल साधा मजकूर नव्हती. मोठ्या आउटलुकची तर सगळी मिळकत एकाच पीएसटी फाइलमध्ये, आणि जुन्या आवृत्त्यांत ती २ गिगाबाइटच्या पुढे गेली की मोडायची. दोन्हींच्या आतली रचना जाहीर केलेली नव्हती.

आणि आता आत-बाहेरचा हिशोब बघा, तो मला फार बोलका वाटतो. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये 'इम्पोर्ट' मध्ये गेलात तर युडोरा, नेटस्केप अशी यादी यायची, या, सगळ्यांनी या. 'एक्स्पोर्ट' मध्ये गेलात तर पत्रं न्यायला एकच रस्ता, मायक्रोसॉफ्टचाच आउटलुक किंवा एक्स्चेंज. येणाऱ्याला चार दारं, जाणाऱ्याला शेजारच्या खोलीत उघडणारं एक. पण न्यायाने बोलायचं तर एक फट त्यांनीच ठेवली होती. पत्रं माउसने धरून बाहेर फोल्डरात टाकली की प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल तयार व्हायची, आणि ती अगदी प्रमाणित. हजारो पत्रं अशी ओढून बाहेर काढणारे लोक मी पाहिलेत. पुढे व्हिस्टामध्ये आउटलुक एक्स्प्रेसच्या जागी विंडोज मेल आला, तेव्हा तो पत्रं मुळातच ईएमएलमध्ये ठेवू लागला.

यातून अलगद सुटले ते नेटस्केपवाले. नेटस्केप पत्रं एमबॉक्समध्ये ठेवायचा आणि त्याची लिनक्सची आवृत्तीही होती. फोल्डर उचला, इकडे ठेवा, झालं. ३१ मार्च १९९८ ला नेटस्केपने आपला सोर्स कोड खुला केला आणि त्यातून मोझिला उभा राहिला, हे आपण या मालेत आधी सविस्तर पाहिलंय. थंडरबर्ड त्याच घराण्यातला.

आता पलीकडच्या काठावर काय चाललं होतं? लिनक्सवर चांगले पत्रप्रोग्रॅम होते, पण ते काळ्या पडद्याचे. आउटलुक एक्स्प्रेसवर वाढलेल्या माणसाला मट दाखवणं म्हणजे... जाऊ दे. (हशा) मटच्या लेखकाने स्वतःच असं म्हणून ठेवलंय की सगळे ई-मेल प्रोग्रॅम वाईटच असतात, हा जरा कमी वाईट आहे. माउसवाल्या पिढीसाठी केडीईने केमेल दिला. जपानच्या हिरोयुकी यामामोटो यांनी सिल्फीड लिहिला, हलका, चपळ, जुन्या संगणकावरही पळणारा. पण 'आउटलुकला पर्याय' ही घोषणा घेऊन आला तो इव्होल्यूशन.

मिगेल दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांची झिमियन ही कंपनी. डिसेंबर २००१ मध्ये इव्होल्यूशन १.० आला. तो उघडला की आउटलुकवाल्याला घरी आल्यासारखं वाटायचं. डावीकडे तीच चित्रांची उभी पट्टी, पत्रं, कॅलेंडर, पत्ते, कामं, सगळं त्याच जागी. नक्कल आहे असं म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला स्वतःला ही टीका कधी पटली नाही. दारावर मराठीत 'ढकला' लिहिलेलं असावं तशी ती सोय होती. पण खरी अडचण दिसण्यात नव्हतीच. कचेऱ्यांमध्ये आउटलुक हा मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरशी बोलायचा, त्यांची आपसातली भाषा बंदिस्त. झिमियनने यावर तोड काढली ती भलतीच नामी. एक्स्चेंजची पत्रं ब्राउझरमध्ये दाखवायचं एक पान मायक्रोसॉफ्टनेच दिलेलं होतं. झिमियनचा 'कनेक्टर' त्याच वाटेने आत जायचा. मोठा दरवाजा बंद, तर खिडकीतून. मात्र हा कनेक्टर खुला नव्हता, ६९ डॉलरला विकत मिळायचा. मुक्त प्रणालीवर यायचं आणि पहिली खरेदी बंदिस्त प्रोग्रॅमची, यावर तेव्हा बरीच कुरकुर झाली. २००३ मध्ये नॉव्हेलने झिमियन विकत घेतली आणि २००४ मध्ये कनेक्टर खुला केला.

जवळपास त्याच काळात जर्मनीत वेगळीच गोष्ट घडली. तिथल्या केंद्र सरकारच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाला स्वतःसाठी आउटलुकसारखं काही हवं होतं, पण खुलं. त्यांनी वाट बघत बसण्याऐवजी तीन छोट्या कंपन्यांना कंत्राट दिलं. त्यातून कोलॅब हा सर्व्हर तयार झाला, आणि केडीईचे पत्रं, कॅलेंडर, पत्ते हे सुटे प्रोग्रॅम एका छताखाली येऊन २००४ च्या केडीई ३.२ मध्ये कॉन्टॅक्ट या नावाने सगळ्यांना मिळाले. म्हणजे एका सरकारी खात्याच्या गरजेचे पैसे, आणि फायदा घरच्या संगणकावर बसलेल्या कुणालाही. आपल्याकडच्या खात्यांनी यातून काय घ्यावं ते मी सांगत नाही.

आणि मग थंडरबर्ड. ७ डिसेंबर २००४ ला १.० आवृत्ती आली. ती विंडोजवरही चालायची आणि लिनक्सवरही. वरवर पाहता ही गोष्ट साधी, पण त्या शोधाचं कुलूप याच किल्लीने उघडलं. कसं ते सांगतो. आउटलुक एक्स्प्रेसची पत्रं आत घ्यायची सोय थंडरबर्डमध्ये होती, पण ती फक्त विंडोजवरच्या थंडरबर्डमध्ये, कारण त्या कामाला विंडोजच्याच यंत्रणेची मदत लागायची. लिनक्सवरचा थंडरबर्ड त्या डीबीएक्स फाइलीकडे नुसता बघत बसायचा. म्हणून जाणत्या लोकांनी क्रम उलटा केला. आधी लिनक्स आणि मग पत्रं, असं नाही करायचं. आधी विंडोजवर असतानाच थंडरबर्ड घ्या. पत्रं त्यात ओढून घ्या. महिनाभर तिथेच तो वापरा, हात बसू द्या. मग त्याचं प्रोफाइल नावाचं फोल्डर आख्खं उचला आणि लिनक्सवर ठेवा. आत एमबॉक्सच आहे, तेव्हा पत्रं उघडणारच. सोबत एमएसएफ नावाच्या अनुक्रमणिकेच्या फाइली असतात, त्या हरवल्या तरी तो पुन्हा बनवतो.

मी ज्यांना ज्यांना पुढे मदत केली त्यांना सगळ्यांना हेच सांगितलं. फॉरमॅट करण्याच्या आधी कुणीतरी मला सांगायला हवं होतं, एवढंच.

ज्यांनी आधीच विंडोज पुसलं होतं आणि हातात फक्त पीएसटी फाइल होती, त्यांच्यासाठी रीडपीएसटी नावाचं साधन होतं. लोकांनी ती बंद फाइल बाइट-बाइट उलगडून, अंदाज बांधत, चुकत ते लिहिलं होतं. मायक्रोसॉफ्टने पीएसटीची रचना अधिकृतपणे जाहीर केली ती २०१० मध्ये. तोवर हे काम कितीतरी लोकांच्या उपयोगी पडून गेलं होतं.

आता आपल्या मराठीचा एक पेच, कारण जर्मनांना तो नव्हता. पत्रं सुखरूप पोचली तरी ती वाचता येतीलच असं नव्हतं. १९९०-२००० च्या सुमारास मराठी पत्रं शिवाजी, शुषा अशा फॉण्टांत लिहिली जात. त्यात संगणकाच्या लेखी साठवली जात होती ती रोमन अक्षरंच, फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली. फॉण्ट असला की मराठी, नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. लिनक्सवर तो फॉण्ट नाही, म्हणजे आजोबांचं पत्र खिचडी. उपाय सोपा होता, विंडोजमधली फॉण्टची फाइल आणून टाकायची, पण फॉण्टही सामानात बांधायचा असतो हे किती जणांना सुचलं असेल?

बरं, युनिकोड आल्यावर सुटलो असं वाटलं, तर तिथे दुसरी तऱ्हा. थंडरबर्डच्या त्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची लिनक्सवरची नेहमीची बांधणी देवनागरी नीट जुळवत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायला हवी ती पलीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. 'किती' हा शब्द बघून वाटायचं कुणी वाकुल्या दाखवतंय. इव्होल्यूशनमध्ये मात्र तीच पत्रं स्वच्छ दिसत, कारण तो अक्षरं जुळवायचं काम पॅन्गो या ग्रंथालयावर सोपवायचा. काही लिनक्स वितरणं थंडरबर्डचीही पॅन्गोसकट बांधणी देत, पण ती निवडायला हे सगळं आधी माहीत हवं. म्हणून तेव्हा मराठी माणसाला आमचा सल्ला इंग्रजी मार्गदर्शिकांपेक्षा वेगळा असायचा. पत्रं आणायला थंडरबर्ड, वाचायला इव्होल्यूशन. २००९ अखेर आलेल्या थंडरबर्ड ३ नंतर हे दुखणं गेलं. भारतीय भाषांची अक्षरं लिनक्सवर नीट दिसावीत यासाठी पुण्यात रेड हॅटमध्ये बसून काम केलेले लोक आहेत, त्यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

म्युनिकचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मे २००३ मध्ये म्युनिकच्या नगरपरिषदेने सुमारे १४,००० संगणक विंडोज एनटीवरून लिनक्सवर न्यायचं ठरवलं. स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी मोडून महापौरांना भेटायला आले होते, तरीही. काम २०१३ च्या शेवटी पूर्ण झालं. टेबलावर थंडरबर्ड होता आणि पत्रव्यवहार चालत होता. पण तोवर जग बदललं होतं. अधिकाऱ्यांच्या खिशात स्मार्टफोन आले, आणि त्यांना पत्रं, पत्ते, बैठका असं सगळं एका जागी, फोनवरही, हवं होतं. २०१४ साली नव्या नेतृत्वाकडून जाहीर तक्रारी झाल्या त्यात हा मुद्दा ठळक होता. शहराने त्यासाठी कोलॅब निवडलं, पण २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतायच्या बाजूने मत दिलं. कारणं अनेक होती, राजकारणही होतं. पण ज्यांनी कुणी 'पत्रं वाचायला प्रोग्रॅम मिळाला की झालं' असं धरलं होतं त्यांचा अंदाज चुकला. कचेरीतल्या माणसाच्या लेखी बैठकीचं निमंत्रण हेही पत्रच.

घरच्या माणसाचा प्रश्न मात्र तोवर हळूहळू विरत गेला होता. १ एप्रिल २००४ ला गूगलने जीमेल जाहीर केलं, १ गिगाबाइट जागा, तीही फुकट, जेव्हा हॉटमेल २ मेगाबाइट देत होतं. लोकांना तारखेमुळे थट्टा वाटली. २००७ मध्ये जीमेलवर आयमॅपही आलं. पत्रं घरच्या डिस्कवरून पुन्हा लांबच्या मोठ्या संगणकावर गेली, शेल अकाउंटच्या काळासारखी, फक्त या वेळी ब्राउझरमध्ये. लिनक्स टाकलं काय, विंडोज टाकलं काय, पत्रं तिथेच. पर्याय शोधायची गरज संपली, तशी पर्यायांची रयाही गेली. २०१२ मध्ये मोझिलाने थंडरबर्डवरचं काम कमी करत असल्याचं जाहीर केलं, २०१५ मध्ये तो वेगळा व्हावा असं त्यांच्या अध्यक्षांनी लिहिलं. तो संपला असंच आम्ही धरून चाललो होतो. पण वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो तगला आणि २०२० पासून एमझेडएलए या मोझिला फाउंडेशनच्याच कंपनीकडे आहे. युडोरा तगला नाही, पण २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला.

वेळ होत आलीय. एखादा प्रश्न घेतो. हं, मागे, बोला काकू.

(श्रोत्यांतून: माझ्या यजमानांच्या जुन्या संगणकात अशा डीबीएक्स फाइली आहेत. ते आता नाहीत. त्यातलं काही निघेल का?)

निघेल. डिस्क चालू असेल तर नक्की निघेल, या फाइली वाचणारी साधनं आज मिळतात. फक्त दोन गोष्टी करा. तो संगणक सारखा सुरू करू नका, आधी कुणा जाणत्याकडून आख्ख्या डिस्कची प्रत काढून घ्या. आणि नुसता इनबॉक्स नेऊ नका. 'सेंट' ची फाइल, पत्त्यांची वही, फॉण्टचं फोल्डर, सगळं घ्या. व्याख्यान संपल्यावर भेटा, मी लिहून देतो.

आणि माझ्या आईच्या पत्रांचं सांगायचं राहिलं. मी दादाला विचारलं, त्याच्याकडे तरी असतील म्हणून. त्याचा पत्ता कंपनीचा होता, ती नोकरी सोडल्यावर सगळं गेलं. पण त्याला एक सवय होती. उत्तर देताना तो समोरच्याच्या पत्रातला मजकूर तसाच ठेवायचा, आणि एकेका वाक्याखाली आपलं उत्तर लिहायचा. पत्रप्रोग्रॅम तो जुना मजकूर ओळखू यावा म्हणून प्रत्येक ओळीआधी ते बाणाच्या टोकासारखं चिन्ह घालतात. तर दादाच्या चारशेएक उत्तरांतून मी त्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या. एका संध्याकाळचं काम. पत्रं पुरी नाहीत, दादाने ज्याला उत्तर दिलं तेवढंच राहिलंय. त्यामुळे आईने विचारलेले सगळे प्रश्न आहेत, जेवतोस ना, थंडी किती आहे, सुट्टी कधी. इकडची हकीकत तिने सांगितलेली बहुतेक गेली. ती फाइल साध्या मजकुराची आहे, मी ती आजही मटमध्ये उघडतो.